टोपलीसाठी झाड पाडायचं की पान काढायचं?

पनामाच्या पूर्व टोकाला, कोलंबियाच्या सीमेला लागून दारिएनचं जंगल आहे. बातम्यांत ते येतं ते स्थलांतरितांच्या जीवघेण्या वाटेमुळे. तिथल्या वोउनान आणि एम्बेरा बायका टोपल्या विणतात, त्यांची विण इतकी घट्ट की एखादी मोठी टोपली पुरी व्हायला महिनोन् महिने जातात. परदेशी संग्राहक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. मग यातून जंगल वाचतं का? वाचू शकतं, पण आपोआप नाही.

धागा मिळतो चुंगा नावाच्या, माडाच्या कुळातल्या झाडापासून. लागतं ते फक्त शेंड्याजवळचं, अजून न उघडलेलं कोवळं पान. आता अडचण बघा: खोडभर लांबलचक काळे काटे, त्यामुळे वर चढायची सोयच नाही. मग काय, एका पानासाठी अख्खं झाड आडवं करायचं. घरच्यापुरत्या टोपल्या होत्या तोवर हे खपून गेलं. बाहेरून मागणी वाढली आणि गावाजवळची चुंगा विरळ होऊ लागली. म्हणजे ज्या कलेचं आपण ‘निसर्गस्नेही’ म्हणून कौतुक करतो, तीच झाडाच्या मुळावर आली होती!

उपाय अगदी साधा होता. लांब काठीच्या टोकाला वाकडं पातं बांधायचं आणि खालूनच पान कापायचं. झाड उभं राहतं, पुन्हा पान देतं. काहींनी आपल्या जमिनीत चुंगा लावायलाही सुरुवात केली.

पण चुंगा वाढायला वर्षं लागतात. उद्या जमीन आपली राहील याची खात्री नसेल, तर कोण कशाला लावेल? माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. 1983 साली एम्बेरा-वोउनान कोमार्का हा त्यांचा स्वायत्त प्रदेश कायद्याने मान्य झाला, पण बरीच गावं त्याच्या हद्दीबाहेर राहिली. त्यांच्या सामूहिक जमिनींसाठी वेगळा कायदा यायला 2008 उजाडलं. तरी गुरांसाठी रान साफ करणारे आणि कोकोबोलोचे लाकूडतोडे घुसतच राहिले. हे कोकोबोलो म्हणजे शिसवीच्या जातीचं मौल्यवान लाकूड. गंमत अशी की याच लाकडाचा भुसा बायका धागा रंगवायला वापरतात. त्यांना मूठभर पुरतो, चोरांना अख्खा ओंडका हवा असतो.

पुरुष तागुआ कोरतात. तेही माडाच्याच कुळातल्या झाडाचं बी, वाळलं की हस्तिदंतासारखं पांढरं आणि टणक. प्लॅस्टिक येण्याआधी युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच कपड्यांना याची बटणं असायची. पिकलेलं बी खाली पडतं, ते वेचायचं. झाडाला हात लावायचीही गरज नाही.

तुमच्या शहरातल्या दुकानात अशी टोपली दिसली, तर ‘इको’ची चिठ्ठी वाचून थांबू नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पान कसं कापलं, विणलं कोणी आणि किंमतीतलं तिच्या हाती किती गेलं.