पकडली जावी म्हणून केलेली चूक

युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, यावर २०१६ साली ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्या ‘व्होट लीव्ह’ची एक लाल बस गावोगाव फिरत होती. आपण दर आठवड्याला युरोपीय संघाला ३५ कोटी पौंड पाठवतो, त्याऐवजी आपल्या आरोग्यसेवेला पैसा देऊ, असे तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगवले होते. हा आकडा टिकणारा नव्हता. ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सूट आधीच वळती होत असे, म्हणजे एवढी रक्कम देशाबाहेर जातच नव्हती. जी जाई तिच्यातलाही बराच भाग शेती अनुदाने वगैरे रूपाने परत येई. सांख्यिकी प्राधिकरणाचे प्रमुख अँड्र्यू डिल्नॉट यांनी मतदानाच्या आधीच हा आकडा दिशाभूल करणारा ठरवला. एखाद्या प्रचारप्रमुखाची अशा वेळी झोप उडाली असती. इथे बसवरचा आकडा तसाच राहिला.

त्यामागचे गणित मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच लिहून टाकले: ढोबळ आकडा वापरण्यामागे समोरच्यांना वादात ओढण्याचा हेतू होता. विरोधक गळाला लागले. ३५ कोटी नव्हे, खरा आकडा याहून बराच कमी, असे ते प्रत्येक मुलाखतीत सांगू लागले. पण ‘कमी’ म्हणजे तरी किती? परत येणारे सगळे वजा केले तरी दर आठवड्याला दहा कोटींहून अधिक पौंड उरतातच, आणि घर चालवणाऱ्या माणसाला दोन्ही रकमा सारख्याच अवाढव्य वाटतात. खुलासा करणारा जितक्या वेळा बोले, तितक्या वेळा ‘पैसा बाहेर जातो’ ही गोष्ट तोच लोकांच्या कानी घाली. व्यापार आणि रोजगार हे त्याचे स्वतःचे भक्कम मुद्दे तेवढा वेळ बाजूला पडत. साधा खोटारडा पकडले जाऊ नये म्हणून जपतो. इथे पकडले जाणे हाच डावाचा भाग होता. अचूक, निव्वळ आकडा रंगवला असता तर त्यावर भांडायला कोण आले असते?

जिंकलेला माणूस मागाहून आपल्या प्रत्येक कृतीत चातुर्य शोधतो, अशी शंका यावर घेता येईल, आणि ती रास्त आहे. डाव अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक यशस्वी झाला, असे कमिंग्जही म्हणतात. म्हणजे चिथावणी ठरवून होती, तिचे फळ नव्हे. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के हा निकाल एकट्या बसने लावला, असे तर कोणीच छातीठोकपणे सांगू नये. शिवाय राजकारण्यांच्या बहुतेक चुका या निव्वळ चुकाच असतात. २०१७ च्या निवडणुकीत तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या जाहीरनाम्यात वृद्धांच्या देखभालीचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वसूल करण्याची योजना होती. विरोधकांनी तिला ‘डिमेन्शिया टॅक्स’ म्हणून झोडपले. चारच दिवसांत मे यांनी खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचे कबूल केले आणि वर, काहीही बदललेले नाही, असेही सांगितले. बहुमत गेले. तिथे कोणाला गूढ डाव दिसत असेल, तर ती राजकारण्यांच्या बुद्धीला दिलेली फुकटची सलामी आहे.

या दोन प्रकारांतला फरक चूक उघड झाल्यानंतरच्या वागण्यात दिसतो. खरी चूक करणारा सारवासारव करतो, शब्द फिरवतो, विषय बदलू पाहतो. हिशेबाने चूक करणारा त्याच विषयावर थांबतो, कारण भांडण त्याला हव्या त्या मैदानावर चालू असते. या खुणेने प्रत्येक वेळी अचूक निदान होईल असे नाही. निव्वळ हट्टी माणूसही मागे हटत नाही. पण बसच्या बाबतीत पुढची वर्षे पाहण्यासारखी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये, निकाल लागून दीड वर्ष उलटल्यावर, ‘व्होट लीव्ह’चे प्रचारक आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन म्हणाले की बसवरचा आकडा चुकला होता खरा, पण तो कमी होता. पुढे तो आठवड्याला ४३ कोटी ८० लाख पौंडांवर जाईल. त्यावर खुलासे करायला विरोधक पुन्हा धावले.