सिली? म्हणजे सुखी!

गणिताचा पेपर हातात पडला की आई विचारायची, ‘पाच मार्क कुठे गेले?’ आपलं उत्तर ठरलेलं: ‘अगं, सिली मिस्टेक!’ शाळा सुटली, ऑफिस आलं, पण हा शब्द काही सुटला नाही. मेलला अटॅचमेंट जोडायची राहिली? सिली मिस्टेक. एक्सेलमध्ये एक शून्य जास्त पडलं? तेच.

आमच्या टीममध्ये एक जण आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कुणीही ‘जरा एवढं बघशील का?’ म्हटलं, की हा खांद्यावरची बॅग खाली ठेवतो आणि पुन्हा लॉग-इन करतो. त्याच्या माघारी सगळे म्हणतात, ‘सो सिली, यार!’ मीसुद्धा म्हणायचो. मग एकदा टाइमपास म्हणून डिक्शनरीत या शब्दाचं मूळ शोधलं आणि चाटच पडलो.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता सुखी, भाग्यवान, देवाची कृपा लाभलेला. तेव्हा तो साधारण ‘सॅलिग’ असा होता. त्याचा जर्मन चुलतभाऊ ‘झेलिग’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने वापरला जातो. डच लोकांकडे ‘झालख’ आहे. ते तर मस्त जेवण झाल्यावरही तो वापरतात. खानदान सगळं चांगलं, घसरला तो फक्त इंग्लंडमधला!

आणि घसरला तो एकदम नाही, पायरी पायरीने. देवाची कृपा असलेला माणूस म्हणजे पापभीरू, निष्पाप. निष्पाप म्हणजे निरुपद्रवी. निरुपद्रवी म्हणजे बापडा, ज्याची कीव यावी असा. मग दुबळा. आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस थेट मूर्ख. प्रत्येक पायरी बघा, एवढीशीच आहे. आपणही ‘साधा आहे हो’ म्हणता म्हणता ‘बावळट आहे’वर येतोच की!

हा शब्द मधल्या पायरीवर असतानाचा एक झकास नमुना चॉसरकडे सापडतो. चॉसर वारला 1400 साली. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये गिरणीवाला एक चावट गोष्ट सांगतो. त्यात एक सुतार आहे. त्याच्या घरी राहणारा विद्यार्थी त्याला पटवतो, की नोहाच्या वेळेसारखा महापूर येणार आहे. सुतार छपराखाली टांगलेल्या टबात जाऊन झोपतो आणि तिकडे त्याची बायको त्या विद्यार्थ्याबरोबर! चॉसर या सुताराला हाच शब्द लावतो. भोळा म्हणायचं, बिचारा म्हणायचं की ठोंब्या, तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे ‘नाइस’ नेमका उलट्या दिशेने चढला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘न जाणणारा’, अडाणी. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असाच होता. पुढे तो चोखंदळ झाला, नेमका झाला आणि अठराव्या शतकात छान झाला. त्यामुळे बॉसने ‘नाइस वर्क’ म्हटलं तर फार हुरळून जाऊ नका. आपल्याकडचा ‘शिष्ट’ बघा. मुळात सुसंस्कृत, विद्वान माणूस. आता कॅन्टीनमध्ये आपल्याशी न बोलणारा. शिष्टाचार आणि शिष्टमंडळ यांची अब्रू मात्र शाबूत आहे.

क्रिकेटमध्ये ‘सिली पॉइंट’ आणि ‘सिली मिड-ऑन’ आहेत, कारण बॅट्समनच्या इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे वेडेपणाच. आपला एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, तोही हेल्मेट न घालता. त्या जागेच्या नावात ‘सिली’ नाही, का कोण जाणे! 27 टेस्टमध्ये त्याने 53 कॅच घेतले. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. त्याला वेडा म्हणा, पण प्रत्येक बोलरला तो आपल्याच टीममध्ये हवा असणार.

मागच्या महिन्यात मी एका क्लायंटची फाइल भलत्याच क्लायंटला पाठवली. रात्री साडेनऊपर्यंत माझ्या शेजारी बसून सगळं निस्तरलं ते आमच्या याच पठ्ठ्याने. निघताना मी त्याला म्हणालो, ‘यू आर सो सिली.’ तो हसला आणि म्हणाला, ‘माहितेय रे, सगळे म्हणतात.’ जुना अर्थ सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्ट आली.