पाडळद्याचे अंबरसिंग

खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. त्याच दिवशी सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं धरलं जातं. साल धरणारा गडी उचल घेतो आणि पुढचे बारा महिने मालकाच्या शेतात राबतो. नांगरट, पाणी भरणं, गुरं, रात्रीची राखण, सगळं त्याच्याच अंगावर. आजारपणात किंवा लग्नकार्यात खाडा पडला की तो उचलीच्या हिशोबात चढतो. शहादा-तळोदा भागात हे सालदार मुख्यतः भिल्ल होते. त्यांतल्या कितीतरी जणांच्या बापजाद्यांची जमीन त्याच शिवारात होती.

ती गेली कशी? कर्जापोटी, खंडापोटी, अंगठा उठवलेल्या कागदावर. तापीकाठच्या काळ्या जमिनीत विजेचे पंप आले, ऊस-केळी आली, पुरुषोत्तमनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तालुका श्रीमंत झाला. भिल्लाच्या झोपडीपर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं.

शहादा तालुक्यातल्या पाडळदे गावचे अंबरसिंग सुरतवंती या झोपडीतल्या माणसांचे होते. स्वतः भिल्ल, शिकलेले, सर्वोदयाच्या विचाराकडे ओढले गेलेले. लोक त्यांना महाराज म्हणत. भजनाला बसणाऱ्या, दारू सोडा म्हणून सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडे हा मान सहज मिळतो. याच मुलखात 1938 च्या सुमारास गुलाम महाराजांनी आरतीच्या निमित्ताने हजारो भिल्लांना एकत्र आणून दारूपासून दूर नेलं होतं. ती वाट लोकांच्या पायाखालची होती. अंबरसिंगांचं मोठेपण असं, की भजनातून जमलेला विश्वास त्यांनी सातबाऱ्यापर्यंत नेला.

2 मे 1971 ला म्हसावदजवळच्या पाटीलवाडीत धान्यासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. एक आदिवासी मारला गेला. या घटनेने महाराष्ट्राचं लक्ष शहाद्याकडे वळलं. सर्वोदयी मंडळी आली, ग्राम स्वराज्य समिती स्थापन झाली आणि 30 जानेवारी 1972 ला, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. हातून गेलेली जमीन परत मागायची, हे तिथे उघडपणे बोललं गेलं. पिढ्यान् पिढ्या मालकासमोर मान खाली घालून उभं राहिलेल्या माणसांनी असं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती.

याच सुमारास बाहेरून शिकलेले तरुण येऊन राहिले. कुमार शिराळकर इंजिनियर होते, त्यांच्याबरोबर विजय कान्हेरे, दीनानाथ मनोहर असे आणखी काही. 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सर्वोदयाची शांत भाषा आणि या तरुणांचा डावा विचार यांत अंतर होतं. अंबरसिंग दोघांच्याही जवळचे राहिले. बाहेरच्यांना गावात जागा मिळाली ती त्यांच्या शब्दावर, हे विसरून या चळवळीचा इतिहास सांगता येत नाही.

दुष्काळाची ती वर्षं. गावोगाव जमिनीची प्रकरणं शोधली जात होती, सालदारांच्या मजुरीचा आणि खाड्यांचा हिशोब मागितला जात होता. बायकांच्या शिबिरांत दारू पिऊन होणाऱ्या मारहाणीचा विषय निघाला आणि शिबिरातल्या बायकांनी थेट गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. पुढे 1976 मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी शहाद्याच्या चळवळीवर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा परदेशातल्या अभ्यासकांनाही या तालुक्याचं नाव कळलं.

तो लेख अंबरसिंगांच्या हाती पडायचा नव्हता. 1974 मध्ये ते गेले. चळवळ ऐन भरात होती, आणि ते वय काही जाण्याचं नव्हतं.

एका माणसाच्या शब्दावर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर संपतं, असं आपण अनेक गावांत पाहिलेलं आहे. इथे तसं झालं नाही. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत देणारा कायदा राज्यात 1 नोव्हेंबर 1975 पासून लागू झाला. शहाद्यासारख्या ठिकाणी लोक आधीच उठले नसते, तर तो इतक्या लवकर आला असता असं वाटत नाही. कागदावर तरी भिल्लाची बाजू आली. प्रत्यक्ष ताबा मिळवायला मात्र पुढेही झगडावं लागलं.

श्रमिक संघटनेतलेच वाहरू सोनवणे कवी झाले. 'गोधड' हा त्यांचा संग्रह 1987 चा, आणि 1990 मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शिराळकर तर परतलेच नाहीत. तळोदा तालुक्यातलं मोड हे त्यांचं गाव झालं. 2 ऑक्टोबर 2022 ला नाशिकमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना शेवटचा निरोप देण्यासाठी मोडलाच आणलं गेलं. पन्नास वर्षांपूर्वी अंबरसिंगांच्या माणसांनी ठेवून घेतलेला हा पाहुणा तोवर नंदुरबार जिल्ह्यातल्या शेतमजुरांचा घरचा माणूस झाला होता.