लेकरू टीव्हीवर जाणार म्हणतात तेव्हा

मागच्या बैठकीत आमचा हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. गटातल्या एका ताईंची बारा वर्षांची मुलगी छान गाते. कुणीतरी तिचं गाणं मोबाईलवर फिरवलं आणि ताईंना फोन आला, "टीव्हीच्या स्पर्धेसाठी निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा." शेंडीपासून राजूरपर्यंत बातमी गेली. मुलगी हरखली. पण रोज तिच्यासोबत गाणारी मैत्रीण, जिला कुणी विचारलंच नाही, ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

2008-09 सालचं झी मराठीवरचं 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलंय. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे. काही महिन्यांत ही पाच मुलं घराघरांत आपल्या पोरांसारखी झाली. जिंकली कार्तिकी. पण लोकांनी पाचही जणांना 'पंचरत्न' म्हणूनच लक्षात ठेवलं. एकमेकांविरुद्ध गाणारी ही मुलं पुढेही एकत्र गात राहिली. 2021 साली नव्या मुलांच्या स्पर्धेत पाचही जण परीक्षकांच्या जागी बसले आणि 2023च्या डिसेंबरात प्रथमेश-मुग्धाचं लग्न झालं.

अशी मैत्री टिकते, पण आपोआप नाही. आपल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं गावठी बियाणं जपलं होतं. टीव्हीवरचं नाव मात्र चार महिन्यांत होतं, आणि तेही वाढत्या वयात. आपण पाहतो तो तासाभराचा कार्यक्रम कितीतरी तासांच्या चित्रीकरणातून कापून जोडलेला असतो. मूल रडलं की कॅमेरा जवळ जातो, मागे संगीत वाजतं. दोघींमधली साधी चुरस भांडणासारखी दाखवता येते. मतं लोकांच्या मोबाईलवरून येत असतील, तर कमी मतं म्हणजे आपण कमी, असं मुलाला वाटतं. (खरं तर ज्याच्या गावाने जास्त मेसेज केले त्याला जास्त मतं, एवढंच!)

आता कायद्याचं, हे नीट ऐका. बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली बदल झाला आणि 2017 साली त्याचे नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कार्यक्रमात घ्यायचं, तर निर्मात्याने चित्रीकरण होणाऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. शाळा बुडता कामा नये. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घेता येत नाही. म्हणजे आपण "जा गं" म्हणून ढकलायचं, हेही त्यात बसत नाही.

ताईंनी पुन्हा फोन आल्यावर एवढंच विचारलं, "परवानगीचा कागद कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांचा आहे? पाठवा." पलीकडून फोन ठेवला गेला, तो परत आला नाही. पैसे वाचले. मुलगी दोन दिवस जेवली नाही, हेही सांगायला हवं. मैत्रीण अजून दुसऱ्याच बाकावर बसते. ताईंनी तिला आणि तिच्या आईला रविवारी घरी बोलावलंय.