एकाच शिरेतले बारीक आणि भरड

अग्निजन्य खडक शिकवताना आपण एक नियम हमखास सांगतो. शिलारस सावकाश थंड झाला की स्फटिक मोठे, झटपट थंड झाला की बारीक. म्हणून खोलवर थिजलेला ग्रॅनाइट भरड आणि पृष्ठभागावर आलेला आपला बेसाल्ट बारीक. ॲप्लाइट नावाचा खडक मात्र या नियमाला अडचणीत आणतो.

ॲप्लाइट ग्रॅनाइटच्याच कुळातला. क्वार्ट्झ आणि फेल्स्पार ही त्याची मुख्य खनिजे. काळी खनिजे जवळजवळ नसतात, म्हणून रंग पांढरट किंवा फिकट गुलाबी. कण साखरेसारखे, बहुधा एक मिलिमीटरहून लहान. तो पुष्कळदा ग्रॅनाइटमधल्या शिरांत आढळतो. स्वयंपाकघरातल्या करड्या ओट्यावर फिकट, बारीक कणांची पट्टी दिसली तर ती ॲप्लाइटची असू शकते. (काळ्याभोर ओट्यावर शोधू नका, बाजारातला ‘काळा ग्रॅनाइट’ बहुधा ग्रॅनाइट नसतोच.)

ही शीर जमिनीखाली खोल, गरम खडकातच थिजलेली असते. मग कण बारीक का?

ग्रॅनाइट थिजत आला की उरलेल्या शिलारसात पाणी साठत जाते, कारण क्वार्ट्झ आणि फेल्स्पार त्याला सामावून घेत नाहीत. दाबाखाली विरघळलेल्या या पाण्यामुळे शिलारस ७०० अंश सेल्सिअसच्या आसपासही पातळ राहतो. कोरडा असता तर त्याआधीच थिजला असता. आता खडकाला भेग पडली आणि शिलारस तिच्यात शिरला, की दाब उतरतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे पाणी निसटते. तापमान तेच, पण थिजण्याचा बिंदू वर सरकलेला! एकाच वेळी असंख्य स्फटिक रुजतात आणि कोणालाच वाढायला जागा उरत नाही.

पाण्याच्या या भूमिकेवर रिचर्ड जान्स आणि वेन बर्नहॅम यांनी १९६९ साली प्रयोगांच्या आधारे भर दिला. कॅलिफोर्नियात पाला गावाजवळ तर एकाच शिरेत खाली ॲप्लाइट, त्यात गार्नेटच्या रेघा, आणि वर मोठमोठ्या स्फटिकांचा पेग्मटाइट आहे. तिथले तपशील अजून वादात आहेत, पण नुसत्या थंड होण्याच्या वेगाने हे कोडे सुटत नाही, हे नक्की.

वर्गात हे दाखवता येते. तुरटीचे गरम, दाट द्रावण गाळून दोन ग्लासांत निवू द्या. एकात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा एकच लहान खडा सोडा, दुसऱ्यात चिमूटभर पूड. द्रावण तेच, तापमान तेच. दुसऱ्या दिवशी मुलांनाच ग्लास पाहू द्या.