काचेची आतली बाजू

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये मराठ्यांकडे गेले. पुढे १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळातला एखादा मोडी कागद ज्यांच्या घरी जपून ठेवलेला असेल, त्यांनी तो वारंवार हाताळण्यापेक्षा स्कॅनरवर एकदाच उतरवून घेणे श्रेयस्कर होय. परंतु जुन्या फ्लॅटबेड स्कॅनरवरील प्रतिमा पुष्कळदा धुरकट येते. शाई उडाली असावी, असे समजून आपण कागदाला दोष देतो. वास्तविक दोष अनेकदा काचेचा, तोही तिच्या आतल्या बाजूचा असतो.

स्कॅनरमधील दिव्याचा प्रकाश काचेतून कागदावर पडतो व तेथून परावर्तित होऊन त्याच काचेतून आरशांकडे परततो. यंत्र तापले की आतील प्लॅस्टिक व वंगण यांच्या सूक्ष्म वाफा निघतात आणि काचेवर त्यांचा तेलकट थर बसतो. हा थर प्रकाश विखुरतो. कागदापर्यंत न पोचलेला प्रकाशही मग संवेदकावर पडतो आणि काळी रेघ राखी दिसू लागते. मोडीत हात फारसा न उचलता ओढलेल्या बारीक रेषेवरूनच अक्षर ओळखावयाचे असल्यामुळे ही हानी किरकोळ नव्हे. पुढे संगणकावर काळेपणा वाढवला, तर रेषेबरोबर कागदाचे डागही गडद होतात.

यंत्र उघडण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. रात्री दिवे मालवून, झाकण उघडे ठेवून आणि उजळपणाची स्वयंचलित सोय बंद करून रिकामी काच स्कॅन करावी. चित्र काळेभोर यावयास हवे. राखी ढग दिसले, तर थर आहे असे समजावे. सुटे ठिपके म्हणजे काचेवरील धूळ. टोकापासून टोकापर्यंत गेलेली सरळ रेघ मात्र वेगळी. ती आरशावरील किंवा संवेदकावरील कणामुळे उमटते, नाहीतर काचेच्या कडेला आतून लावलेल्या पांढऱ्या पट्टीवरील कणामुळे. यंत्र पांढरा रंग ठरवते ते या पट्टीवरूनच. अशा रेघेसाठी काच कितीही पुसली तरी श्रम व्यर्थ जातात.

वीजपुरवठा तोडून काही वेळ थांबावे, कारण दिव्याला उच्च दाबाची वीज लागते. शिवाय जुन्या नळीसारख्या दिव्यात पारा असतो, म्हणून तो फुटू देऊ नये. स्क्रू पुष्कळदा रबरी पायांखाली दडलेले असतात. काचेची चौकट हलकेच उचलून उलटी ठेवावी. मऊ, धागे न सुटणारे कापड ऊर्ध्वपातित पाण्याने ओलसर करून पुसावे. तेलकटपणा उरल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. द्रव काचेवर ओतू नये, पांढऱ्या पट्टीला लावू नये. आरशांचा मुलामा उघड्या पृष्ठावरच असतो. त्यांवर रबरी फुग्याने हवा मारावी, कापड लावू नये.

जबलपुरात जून ते सप्टेंबर हवा दमट असते व त्या दिवसांत यंत्र मिटले तर ओल आत कोंडते. उन्हाळ्यात धूळ. तेव्हा हिवाळ्यातला कोरडा दिवस निवडावा, आणि काच पुरती वाळल्याखेरीज तिच्यावर कागद ठेवू नये. काजळीची शाई ओल लागताच पसरते.