पेसादिया: स्पॅनिशमधलं दुःस्वप्न

दुःस्वप्नाला स्पॅनिशमध्ये पेसादिया म्हणतात. त्याच्या मुळाशी आहे पेसादो, म्हणजे जड. झोपेत छातीवर कोणीतरी येऊन बसतं, ही युरोपातली फार जुनी समजूत. कातालोनियाच्या लोककथांत पेसान्ता नावाचं काळं, अवाढव्य कुत्रं (कधी मांजर) रात्री घरात शिरतं आणि झोपलेल्याचा श्वास कोंडतं. मेक्सिकोत जाग आली पण हातपाय हलेनात, तर लोक म्हणतात, ‘से मे सुब्यो एल मुएर्तो’: मेलेला माणूस अंगावर चढला! या अवस्थेच्या डॉक्टरी शब्दाआधी हा वाक्प्रचार शिकावा. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

मराठी माणूस अडखळतो तो क्रियापदापाशी. आपल्याला स्वप्न पडतं, तिकडे ते ‘असतं’: ‘तूबे उना पेसादिया’, मला वाईट स्वप्न पडलं. स्वप्नात साप दिसला, तर ‘सोन्ये कोन उना सेर्पिएन्ते’. यातला ‘कोन’ म्हणजे ‘सोबत’; तो गाळायचा नाही.

स्वेन्यो हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण झोप आणि स्वप्न दोन्हींसाठी तोच आहे. ‘तेंगो स्वेन्यो’ म्हणजे मला झोप येतेय. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या 1799 च्या ‘लोस काप्रिचोस’ या 80 चित्रांच्या मालिकेतलं 43वं चित्र जरूर पाहा: टेबलावर डोकं टेकून झोपलेला माणूस, मागे घुबडं आणि वटवाघळं. त्याच्या शीर्षकातला स्वेन्यो विवेकाची झोप सांगतो की विवेकाचं स्वप्न, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.